वाचकांचे प्रश्न : मथळ्यातल्या दुव्याचे काय करायचे?

प्रश्न : मराठी विकिपीडियावर सातारा जिल्ह्यातल्या किल्ल्यांवर लेख लिहीत आहे. दर किल्ल्याला एक विभाग केला आणि मथळ्यातच मुख्य लेखाचा दुवा दिला. उदाहरणार्थ, ==[[प्रतापगड|प्रतापगड किल्ला]]==. दुसऱ्या एका संपादकाने असे सगळे दुवे काढले. दुवे तर नीट चालत होते, मग हरकत कशाला? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चालत होते हे खरे. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर मथळ्यातला दुवा अडवत नाही, म्हणूनच ही पद्धत नव्या लेखांत सतत दिसते. तरीही त्या संपादकाने केले ते योग्यच आहे.

सर्वांत मोठी अडचण मोबाइलवर येते. फोनच्या ब्राउझरमध्ये लेख उघडला की विभाग मिटलेले असतात आणि मथळ्यावर बोट टेकवले की उघडतात. तुमच्या लेखात वाचक 'प्रतापगड किल्ला' या शब्दांवर बोट ठेवणार आणि विभाग उघडण्याऐवजी थेट दुसऱ्या पानावर जाणार. तुम्ही मेहनतीने लिहिलेला परिच्छेद त्याला दिसतच नाही. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मदतीने एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर जात लेख चाळतात. त्यांना तीच ओळ मथळा म्हणूनही ऐकू येते आणि दुवा म्हणूनही. अर्ध्याच मथळ्याला दुवा असेल तर गोंधळ आणखी वाढतो. शिवाय ज्या किल्ल्यावर अजून लेखच नाही, त्याचा मथळा लालभडक दिसतो.

अनुक्रमणिकेत तर या दुव्याचा काहीच उपयोग नाही. तिथे सॉफ्टवेअर तो गाळून फक्त शब्द ठेवते, कारण अनुक्रमणिकेतली ओळ वाचकाला त्याच पानावरच्या विभागाकडे नेण्यासाठी असते.

दुरुस्ती सोपी आहे. विभागाचे संपादन उघडा, मथळ्यातले चौकटी कंस काढा आणि दुवा पहिल्या वाक्यात द्या :

== प्रतापगड किल्ला ==
[[प्रतापगड]] हा किल्ला मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली १६५६ मध्ये बांधून झाला.

विभागात चार-पाच ओळींचाच गोषवारा असेल आणि सविस्तर माहिती दुसऱ्या लेखात असेल, तर मथळ्याच्या लगेच खाली स्वतंत्र ओळ द्यावी :

:''मुख्य लेख: [[प्रतापगड]]''

आमच्या मते तुमच्या लेखासाठी हीच रीत उत्तम. पुढे कुठे जायचे ते वाचकाला स्पष्ट कळते आणि मथळा मोकळा राहतो.

हे करताना दोन ठिकाणी हमखास चूक होते. एक म्हणजे, कंस काढल्यावर वाक्य त्याच ओळीत सुरू करणे. शेवटच्या == नंतर त्या ओळीत एक शब्द जरी आला, तरी सॉफ्टवेअर तिला मथळा मानत नाही. बरोबरीची चिन्हे जशीच्या तशी छापली जातात आणि तो विभाग अनुक्रमणिकेतून गायब होतो. दुसरी चूक उभ्या रेघेची. [[प्रतापगड|प्रतापगड किल्ला]] यातला रेघेनंतरचा भाग वाचकाला दिसतो आणि विभागाचा पत्ताही, म्हणजे थेट त्या विभागाकडे नेणाऱ्या दुव्यातले नावही, त्यावरूनच बनतो. म्हणून मथळ्यात 'प्रतापगड किल्ला' हेच शब्द ठेवा. तसे केले तर विभागाचा पत्ता बदलत नाही आणि बाहेरून आलेले दुवे शाबूत राहतात. रेघेआधीचे 'प्रतापगड' ठेवलेत, तर ते तुटतील.

मजकुरात दुवा देताना विभक्तीकडेही लक्ष असू द्या. [[मुंबई]]चा असे लिहिले तर 'चा' आपोआप दुव्यात सामावतो. शब्दाचे रूपच बदलत असेल तिथे मात्र रेघ लागते : [[पुणे|पुण्याचा]].

प्रश्न : दुसऱ्या लेखातून थेट एखाद्या विभागाकडे दुवा कसा द्यायचा? मी दिलेला दुवा काही महिन्यांनी पानाच्या अगदी वरच उघडू लागला. (एक वाचक)

उत्तर : लेखाचे नाव, मग # हे चिन्ह, मग मथळा : [[सातारा जिल्हा#किल्ले|जिल्ह्यातले किल्ले]]. मथळा अक्षरशः तसाच हवा. ऱ्हस्व-दीर्घाचा किंवा अनुस्वाराचा फरकही चालत नाही. एकाच पानावर 'इतिहास' हा मथळा दोनदा असेल, तर दुसऱ्याचा पत्ता 'इतिहास_2' असा होतो, तोही इंग्रजी आकड्याने. म्हणून एका पानावर सारखे मथळे टाळावेत.

तुमच्या बाबतीत बहुधा कुणीतरी मथळ्याचे शब्द बदलले आहेत. लेखच नसला तर दुवा लाल होतो, पण विभाग सापडला नाही तर तो निळाच राहतो आणि मुकाट्याने पानाच्या माथ्यावर नेतो. त्यामुळे ही मोडतोड वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. विभागाकडे नेणारी पुनर्निर्देशनेही (एका नावावरून वाचकाला आपोआप दुसरीकडे पाठवणारी पाने) याच कारणाने निकामी होतात. मथळा बदलण्यापूर्वी 'येथे काय जोडले आहे' ही यादी उघडा. तिच्यातली पुनर्निर्देशने आधी तपासा, कारण विभागाचे दुवे बहुतेक तिथेच असतात. जुना मथळा जिथे लिहिलेला असेल तिथे नवा घाला आणि मगच मथळा बदला.

प्रश्न : चर्चा पानावरच्या मथळ्यातही दुवा नको का? (एक वाचक)

उत्तर : तिथे इतके काटेकोर राहण्याची गरज नाही. एखाद्या लेखाविषयी चर्चा सुरू करताना मथळ्यात त्याचा दुवा दिला तर फारसे बिघडत नाही. तरी दुवा पहिल्या ओळीत द्यावा हे बरे. चर्चा लांबली की मोबाइलवरची अडचण तिथेही येतेच. संदर्भाचा आकडा मात्र कोणत्याच मथळ्याला जोडू नका. तो ज्या विधानाचा आधार आहे, त्या विधानाच्या शेवटी द्या.