परागीभवन, परागसिंचन की परागण?

जालन्याच्या एका शिक्षिकेने विचारलंय: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात 'लेपँथिस' या चिमुकल्या ऑर्किडांवर तक्ता करायचाय. परागीभवन, परागसिंचन, परागण यांतला कुठला शब्द घ्यावा?

शाळेत घोकलेला शब्द परागीभवन. पण त्याची घडण बघा. बाष्पीभवन म्हणजे जे बाष्प नव्हतं ते बाष्प होणं, घनीभवन म्हणजे घन होणं. त्या चालीवर परागीभवन म्हणजे पराग होणं! इथे तर पराग आयताच असतो, फक्त जागा बदलतो. तरी शब्द इतका रुळलाय, की त्याला चूक म्हणायला मी धजणार नाही.

परागसिंचन शेतीविषयक लिखाणात फार. सिंचन म्हणजे शिंपणं. मक्याच्या तुऱ्यातून वाऱ्यावर पराग झडतो, तिथे ते शोभतं. लेपँथिसला अजिबात नाही. मध्य व दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवर याच्या हजारावर जाती. फुलं जेमतेम काही मिलिमीटरची. त्यातला पराग सुटा नसतोच, त्याचे घट्ट गोळे असतात. त्यांना परागपुंज म्हणा.

कोस्टा रिकातल्या एका जातीचं निरीक्षण 2005 साली प्रसिद्ध झालं. तिच्या फुलावर एका जातीची चिलटं येतात, तीही फक्त नर. मकरंदासाठी नव्हे, फुलालाच मादी समजून नर समागम करू पाहतो. फुलातला एक बारीक अवयव तो शेपटाकडच्या चिमट्याने धरतो आणि त्या झटापटीत परागपुंज त्याच्या पोटाला चिकटतात. पुढच्या फुलावर पुन्हा फसला, की पुंज कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या पराग झेलणाऱ्या भागावर. चिलट भरकटलं तर फुलाचा सगळा पराग वाया. पोचलं तर एकाच बोंडात धुळीसारखं ढिगाने बी धरतं. यात शिंपणं कुठे आलं?

म्हणून मी परागण घेईन. पराग वाऱ्याने गेला, चिकटून गेला की कुणी हाताने लावला, याबद्दल तो शब्द काहीच गृहीत धरत नाही. आणि 'कीटक' असं मोघम लिहू नका, सरळ 'नर चिलट' लिहा.

तुमच्याकडे कपाशीच्या बीजोत्पादनात संध्याकाळी कळ्यांतले पुंकेसर काढतात, सकाळी त्यांवर नर म्हणून निवडलेल्या वाणाचं फूल घासतात. त्याला प्लॉटवर सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. मुलांना तो शब्द घरचा, पण तक्त्यावर नको. क्रॉसिंगमध्ये दोन वाणांचा संकर करायचा असतो; हे चिलट त्याच जातीच्या दुसऱ्या फुलाला पराग पोचवतं.