तबकडी, ध्वनिमुद्रिका आणि झाकली मूठ

इंग्लंडात बोल्टनला राहणाऱ्या एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्या शेजारच्या आजोबांवर लेख लिहीत आहेत. आजोबा तरुणपणी नॉर्दर्न सोलच्या रात्रींना, म्हणजे जुन्या अमेरिकी सोल गाण्यांवर रात्रभर नाचायच्या कार्यक्रमांना, डीजे होते आणि घरात अजून दुर्मीळ रेकॉर्डींचा साठा बाळगून आहेत. रेकॉर्डला ‘ध्वनिमुद्रिका’ म्हणायचं की ‘तबकडी’? आणि ‘कव्हर-अप’ला, म्हणजे लेबल झाकून खोट्या नावाने लावलेल्या रेकॉर्डला, मराठीत काय म्हणावं? सोबत त्यांनी अंकाच्या संपादकांनी दुरुस्त केलेलं पान जोडलं आहे. त्यात आजोबा ‘दुर्मिळ आत्म्याच्या नोंदींचे संग्राहक’ झाले आहेत.

आधी हे पान. ‘रेअर सोल रेकॉर्ड्स’ हे तीन शब्द भाषांतरयंत्रात घातले की ‘दुर्मिळ आत्म्याच्या नोंदी’ बाहेर पडतात, आणि त्या तशाच छापायला निघालेली माणसं मला वर्षभरात तिसऱ्यांदा भेटत आहेत. सोल हे एका गायकीचं नाव आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल आणि चर्चबाहेरचं ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या मिलाफातून ती घडली. गायकीच्या नावाचं भाषांतर करत नसतात. ‘ख्याल’ म्हणजे मुळात कल्पना. म्हणून मैफलीहून परतताना आपण ‘आज बुवांनी कल्पना छान गायली’ असं म्हणत नाही. (आणि ‘दुर्मीळ’मधला ‘मी’ दीर्घ.)

‘नॉर्दर्न’चंही तेच. ‘उत्तरी’ लिहिलं की वाचणारा अमेरिकेच्या उत्तरेला जातो. गाणी डेट्रॉइट, शिकागोकडची खरी, पण नावातली ही उत्तर दिशा इंग्लंडची: मँचेस्टर, विगन, ब्लॅकपूल. लंडनमध्ये ‘सोल सिटी’ हे दुकान चालवणाऱ्या डेव्ह गॉडिन यांनी हे नाव पाडलं. फुटबॉलच्या सामन्यांसाठी उत्तरेकडून आलेली पोरं दुकानात शिरली की नवं फंक मागत नसत, काही वर्षांपूर्वीचं, मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीच्या वळणाचं सोल मागत. दुकानातल्या माणसांना खूण पटावी म्हणून गॉडिन यांनी त्या मालाला ‘नॉर्दर्न’ म्हटलं, आणि १९७० साली ‘ब्लूज अँड सोल’ या नियतकालिकातल्या त्यांच्या सदरात ते छापून आलं. घराण्याला गाणाऱ्यांच्या गावाचं नाव पडतं हे आपल्याला ठाऊक आहे. इथे ते ऐकणाऱ्यांच्या मुलखावरून पडलं. त्याला हात लावू नका.

आता तबकडी. घड्याळाची आणि जुन्या टेलिफोनची तबकडी सगळ्यांना माहीत आहे, ती सोडून देतो. तबक ओवाळणीचं, विड्याचं. त्याचं लहान रूप ते तबकडी. यातला ‘ड’ अपभ्रंशातून आलेला, हेमचंद्राने आपल्या व्याकरणात नोंदवलेला. जीवाचा जिवडा आणि मुखाचा मुखडा करतो तोच हा. म्हणजे गाण्याचा मुखडा आणि गाण्याची तबकडी यांच्या शेपटाला एकच प्रत्यय आहे. तबल्याशी मात्र तबकाचं काही नातं नाही. तबला ‘तब्ल’ या निराळ्या अरबी शब्दावरून आला. हे नातं जुळवू पाहणाऱ्यांनी कृपा करून थांबावं.

‘तबक’ अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. ताट आणि थर हे दोन अर्थ देऊन कोशकार हात झटकतात, आणि तिथेच माझं त्यांच्याशी भांडण आहे. जुने अरबी कोश या शब्दाचा अर्थ देतात ‘कोणत्याही वस्तूचं झाकण’! धातूचा अर्थ एकावर एक नेमकं बसणं, जुळणं, वरून झाकणं. हिंदीतला ‘मुताबिक’ याच धातूतला, समाजाचा थर सांगणारा ‘तबका’ही. कोशकार झाकणाचा अर्थ जुना, निरुपयोगी म्हणून गाळतात. मला तोच मुळाशी दिसतो. झाकण उताणं ठेवलं की ताट होतं. आपल्या स्वयंपाकघरात आजही पातेल्यावर ताटलीच झाकतात. त्यासाठी कोशात कशाला जायला हवं? ओट्याकडे बघावं.

शिवाय हा शब्द किती दूर गेला पाहा. इंग्रजीतल्या उडत्या ‘सॉसर’ची मराठीत उडती बशी झाली नाही, उडती तबकडी झाली. अरबीतही ती ‘तबक ताइर’ आहे, उडतं तबक. दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, त्याच शब्दाला आकाशात सोडलं.

यावर शुद्धिवादी म्हणतात, तबकडी परकी, ध्वनिमुद्रिका आपली. ध्वनिमुद्रिका सुबक शब्द आहे. तापलेलं व्हिनाइल दोन ठशांमध्ये दाबून तबकडी निघते, त्या अर्थाने मुद्राही तिच्यात आहे. पण आज सीडीच्या आणि नुसत्या इंटरनेटवर आलेल्या गाण्यांच्याही ‘ध्वनिमुद्रिकेचं प्रकाशन’ होतं. त्या शब्दाला आकार उरलेला नाही, आणि सोलच्या संग्राहकाला हवा असतो तो आकारच: सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची, त्याच लेबलची, त्याच वर्षीची. तेच गाणं पुढे नव्याने छापून आलं तरी त्याला ते चालत नाही. कित्येक ठिकाणी डीजेने मूळ छापच लावायचा असा दंडक आहे. परका म्हणून तबकडी हाकलायची तर आधी ओवाळणीचं तबक घरातून बाहेर काढा.

आणि आता कव्हर-अप. एखाद्या डीजेला इतर कोणाकडे नसलेली तबकडी सापडली की तो तिच्या लेबलावर कागद चिकटवायचा आणि गाण्याचं, गायकाचं खोटं नाव सांगायचा, म्हणजे दुसऱ्याला तिचा माग लागू नये. ही युक्ती जमैकात त्याआधीची. १९५०च्या दशकात किंग्स्टनला साउंड सिस्टिम (नाचाच्या जागी नेऊन लावायचे मोठाले स्पीकर) चालवणारे कॉक्सन डॉड सॅक्सोफोनवादक विलिस जॅक्सनची ‘लेटर फॉर द गेटर’ लेबल खरवडून ‘कॉक्सन हॉप’ म्हणून लावत. प्रतिस्पर्धी ड्यूक रीड यांनी ती अखेर शोधून काढली आणि आपल्या साउंड सिस्टिमवर लावली. विगन कॅसिनो या नाचघरात (१९७३ ते १९८१, रात्रभर, सकाळी ८ पर्यंत) एडी फॉस्टर या नावाखाली जे गाणं लावलं जाई ते खरं फ्रँक विल्सन यांचं, मोटाउनच्या ‘सोल’ या लेबलवरचं, १९६५ सालचं. त्याच्या नमुना प्रती बहुतेक सगळ्या नष्ट केल्या गेल्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वाचल्या. एक प्रत २००९ साली २५,७४२ पौंडांना गेली, २०२० साली एक लाख पौंडांना.

झाकली मूठ सव्वा लाखाची! आपल्या भाषेत ही म्हण तयार असताना संपादक कव्हर-अपला ‘लपवाछपवी’ करतात. तो शब्द घोटाळ्याच्या बातमीतला आहे. ‘गुप्त ध्वनिमुद्रिका’ही नको, ते ऐकून कुणाचा तरी फोन चोरून टेप केल्यासारखं वाटतं. ‘झाकली तबकडी’ म्हणा. म्हणीची लय तिच्यात येते, आणि तबकाच्या पोटातलं झाकण शेकडो वर्षांनी पुन्हा त्याच्या डोक्यावर येऊन बसतं. याहून नेमका प्रतिशब्द मला आजवर कुठल्याही परिभाषेत सापडलेला नाही.

ताई, तुमच्या मूळ मजकुरात एक दुरुस्ती माझीही. ‘आजोबा रेकॉर्ड वाजवत’ असं तुम्ही लिहिलं आहे. आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरांच्या भिंतीलाच डीजे म्हणायला लागल्यापासून ‘डीजे वाजतो’, ‘डीजे वाजवतात’ हे कानावर आदळत असतं, त्यातून ते आलं असावं. डीजे हा माणूस आहे, आणि तो वाजवत नाही. गायक गातो, वादक वाजवतो, डीजे तबकडी लावतो. दिवा लावतात, गायक षड्ज लावतो, तसं. दुसऱ्या परिच्छेदात ‘लावत’ करा, आणि चौथ्यातही एकदा आहे.