मैफलीचा व्हिडिओ कुणाचा?

प्रश्न : आमच्या लष्कर भागातल्या घरगुती मैफलीतला हमीर राग मी मोबाइलवर घेऊन यूट्यूबवर टाकला. एक पैसा कमावला नाही, तरी गायिकेने काढायला लावला. बंदिश तर पारंपरिक! माझं चुकलं कुठे?
— एक रसिक, ग्वाल्हेर

उत्तर : बंदिश पारंपरिक असली तरी त्या रात्रीचं गाणं तिचं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार सादरीकरणावर कलाकाराचा हक्क ५० वर्षं असतो. फुकट वाटल्याने तो संपत नाही. स्वतः ऐकायला ठेवा, हरकत नाही. मीही कॅसेटवरून कॅसेटी भरल्यात, तेव्हा सोवळं मिरवत नाही. पण पुढच्या काकांचं टक्कल, कपबश्यांची किणकिण आणि तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, चिरकलेला आवाज जगभर जावा, असं तिला का वाटेल? आधी विचारा. आणि पुढच्या बैठकीला मानधनाचं पाकीट घेऊन जा.