कुऱ्हाडीचा दांडा आणि वैशाखाची वाट

वडिलांच्या मागे माळ्यावर सापडलेली कुऱ्हाड, पात्यावर 'ब्रेड्स' असा पुसट शिक्का, सगळीकडे गंज आणि नेढ्यात, म्हणजे दांडा बसायच्या भोकात, कुजलेल्या दांड्याचा तुकडा. ती ग्राइंडरवर घासून, बाजारातला तयार दांडा ठोकून याच पावसाळ्यात वापरायला काढू का, असं तुम्ही विचारलंय. ग्राइंडर नकोच, आणि दांड्याची घाई तर त्याहून नको.

ब्रेड्स हा इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या ओल्डबरीमधला धारेची हत्यारं करणारा जुना कारखाना. जुन्या काळच्या कित्येक कुऱ्हाडींचं अंग मऊ लोखंडाचं असतं आणि धारेपुरती पोलादाची पट्टी भट्टीत तापवून त्याला जोडलेली असते. आपल्याकडचे लोहारही असंच करतात, फक्त पोलाद बहुतेक वेळा ट्रकच्या कमानपाट्याचं असतं. कुऱ्हाडीचा जीव या पट्टीत असतो. ग्राइंडरखाली पातळ धार काही सेकंदांत तापते. पोलादावर आधी पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळा. निळा दिसला की धारेचं पाणी, म्हणजे तिचा कडकपणा, उतरलं म्हणून समजा.

याच कारणासाठी अडकलेला तुकडा चुलीत जाळून काढू नका. गावाकडे कोणीतरी हमखास हा सल्ला देतं. मी माझ्या आजोळची कुऱ्हाड अशीच घालवली. नेढं छान मोकळं झालं, पण बाभळीच्या पहिल्याच गाठीवर धार दुमडली. पुढे लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घेतलं, तरी ती पूर्वीची धार काही परत आली नाही. त्याचं वाईट मला आजही वाटतं. लाकूड करवतीने खालून सपाट कापा, ड्रिलने चारसहा भोकं पाडा आणि जाड सळईने खालून वर ठोकून बाहेर काढा. आत जुने खिळे ठोकलेले असू शकतात, तेव्हा ड्रिल जपून.

गंजासाठी साधं पांढरं व्हिनेगर घ्या. प्लास्टिकच्या डब्यात पातं रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी वायर ब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करून तेल लावा. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका. शिक्क्यावर ब्रश हलक्या हाताने फिरवा. उरलेला काळपटपणा असू द्या, आरशासारखी चकाकी आणायच्या नादात अक्षरं जातात. व्हिनेगरचा आणखी एक फायदा म्हणजे पोलाद लोखंडापेक्षा काळं पडतं, त्यामुळे जोडाची रेषा दिसू लागते. ती धारेपासून बोटभर मागे असली तर कुऱ्हाडीत अजून पुष्कळ आयुष्य आहे. धारेला येऊन टेकली असेल तर ती भिंतीवर जपून ठेवावी, लाकडावर चालवू नये.

धार कानशीने काढा, नंतर कार्बोरंडमच्या दगडावर. फोडायच्या कुऱ्हाडीला दोन्ही बाजू मिळून साधारण ३० अंश, आणि गाल, म्हणजे धारेमागच्या दोन्ही बाजू, किंचित फुगीर. तुंबा, म्हणजे पात्याची मागची जाड बाजू, घणासारखा वापरून त्याच्या कडा पसरल्या असतील तर त्या आधी कानशीने उतरवा. त्यातून उडालेली कपची डोळा घेते.

आता दांडा. सल्ला मागणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की लोखंडाची चूक बहुतेक वेळा दिसते, लाकडाची आठ महिन्यांनी कळते. लाकूड हवेतल्या दमटपणाने आडवं फुगतं आणि उन्हाळ्यात आडवं आकसतं. नेढं तेवढंच राहतं. श्रावणात घट्ट बसवलेला दांडा म्हणजे फुगलेलं लाकूड. तो फाल्गुन-चैत्रात सैल होतो, आणि लोकांचा फाटी फोडायचा हंगाम नेमका तोच. माझ्या ओळखीच्या एका घरात असंच पातं सुटून गोठ्याच्या भिंतीवर आदळलं. सुदैवाने तिकडे कोणी नव्हतं. सैल कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची पद्धत सगळीकडे आहे, पण फुगणाऱ्या लाकडाला नेढ्यात जागाच नसल्याने त्याचे तंतू चेपतात आणि वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षा बारीक होतो. दरवेळी जास्तच सैल.

म्हणून लाकूड आत्ता मिळवा आणि बसवा वैशाखात. धावडा मिळाला तर सोनं. चिवट असतो आणि धक्का सोसतो. नाहीतर बाभूळ किंवा तिवस. साग वजनाला हलका, पण घावाला ठिसूळ. त्याची पाचर करा. ओंडका करवतीने चिरण्यापेक्षा फोडलेली फाड घ्या. फोडताना लाकूड आपल्या तंतूंच्या वाटेने फुटतं, त्यामुळे तंतू दांड्याच्या टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात. बाजारातल्या तयार दांड्यात ते कडेला तिरपे बाहेर पडलेले दिसले तर दांडा तिथेच मोडणार. धावडा वाळल्यावर हत्याराला दाद देत नाही, तेव्हा ओला असतानाच वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीने, जाडसर तासा, दोन्ही टोकांना मेण लावा आणि सावलीत, वाऱ्याला ठेवा. शेवटचा आकार वाळल्यावर.

बसवताना दांडा उभा हातात धरायचा, पातं खाली लोंबकळत ठेवायचं आणि वरच्या टोकावर लाकडी हातोड्याने मारायचं. पातं जड असल्याने जागीच राहतं आणि दांडा त्यात उतरत जातो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. पाचरीसाठी दांड्याच्या टोकाला पाडलेली चीर नेढ्याच्या दोनतृतीयांश खोलीपर्यंत, पाचर कोरडी ठणठणीत, आणि वर पाच-सहा मिलिमीटर लाकूड बाहेर राहू द्या. खिळे नकोत.

शेवटी जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात बॉइल्ड लिनसीड म्हणून मिळतं ते. पातळ हात, पुसून, दोन दिवसांनी पुन्हा. खोबरेल वाळत नाही. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

तुकडा निघाला की नेढ्याचं माप वरून आणि खालून, दोन्हीकडून घेऊन सांगा. विलायती नेढं बहुधा मध्ये आवळलेलं असतं. त्यावरून फाड किती जाड लागेल ते सांगतो.