वाचनपातळीचे अक्षर, लेक्साइल आणि पर्सेंटाइल यांची तुलना करता येते का?

आपल्या मुलाची इंग्रजी वाचनाची पातळी 'जे' आहे, दुसऱ्या शाळेतील त्याच्याच इयत्तेच्या भाचीला लेक्साइलमध्ये ५२० मिळाले आहेत आणि मुलाचा पर्सेंटाइल वर्षभरात ७० वरून ५८ वर आला आहे. तेव्हा तो मागे पडला का, असे आपण विचारले आहे. एवढ्या माहितीवरून तसे म्हणता येत नाही, कारण ही तिन्ही मापे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

ए ते झेड ही फाउंटस आणि पिनेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांची अक्षरश्रेणी आहे. मूल शिक्षकांसमोर उतारा मोठ्याने वाचते आणि शिक्षक प्रत्येक शब्दावर खूण करत जातात. ही नोंदपद्धत मूळची न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांची. 'जे'च्या आसपासच्या पातळ्यांवर ९५ टक्के किंवा त्याहून अधिक शब्द अचूक आले तर तो मजकूर मुलाला स्वतंत्रपणे वाचता येतो, तर ९० ते ९४ टक्क्यांना शिक्षकांच्या मदतीने वाचण्याजोगा असे धरतात. आकलनाचे प्रश्न वेगळे असतात. शंभर शब्दांच्या उताऱ्यात पाचाऐवजी सहा चुका झाल्या की मुलाचा गट बदलतो, हे लक्षात घ्यावे. शिवाय सगळ्या चुका सारख्या नसतात. 'घोडा धावला' याऐवजी 'घोडा पळाला' वाचणाऱ्या मुलाने अर्थ राखला, पण अक्षरे पाहिली नाहीत. 'घोडा धुतला' वाचणाऱ्याने पहिले अक्षर पाहिले आणि अर्थ सोडून दिला. गणतीत दोन्ही एकेकच चूक, उपाय मात्र निराळे. मुलाने चूक आपणहून सुधारली तर ती चुकांत धरत नाहीत.

लेक्साइल ही वाचक आणि मजकूर दोघांनाही लावली जाणारी एकच मापपट्टी आहे. तिच्यात मजकुराची काठिण्यपातळी मुख्यतः वाक्यांची लांबी आणि शब्दांचा प्रचलितपणा यांवरून ठरते. वाचक आणि पुस्तक दोघेही ५२० वर असतील तर सुमारे ७५ टक्के आकलनाची अपेक्षा असते. अक्षरश्रेणीत चित्रे, मांडणी आणि विषयही विचारात घेतले जातात, म्हणून रूपांतराचे तक्ते ढोबळच असतात. त्यांवरून मुलगा आणि भाची यांत उजवेडावे ठरवू नये. विषयाच्या पूर्वज्ञानानेही निकाल बदलतो: रेक्ट आणि लेस्ली यांच्या १९८८ च्या अभ्यासात बेसबॉलची माहिती असलेल्या कच्च्या वाचकांनी त्या खेळावरचा उतारा, खेळ ठाऊक नसलेल्या चांगल्या वाचकांपेक्षा अधिक चांगला सांगितला.

पर्सेंटाइल म्हणजे रांगेतील स्थान (७० म्हणजे शंभरातील सुमारे सत्तर मुलांच्या पुढे), आणि रांगही पुढे सरकत असते. हॅसब्रुक आणि टिंडल यांच्या २०१७ च्या अमेरिकी तक्त्यात दुसरीच्या मुलांचा मध्यांक (निम्मी मुले ज्याच्या खाली असतात तो आकडा) हिवाळ्यात मिनिटाला ८४ अचूक शब्द आणि वसंतात १०० आहे. म्हणजे ८४ वरून ९२ वर गेलेले मूल वेगाने वाचू लागले, तरी रांगेत मागेच गेले. (हे आकडे इंग्रजीचे आहेत, ते मराठी वाचनाला लावू नयेत.) त्यात प्रत्येक चाचणीला मापनत्रुटी असतेच, त्यामुळे ७० आणि ५८ मधला काही फरक केवळ तिच्यामुळेही पडलेला असू शकतो.

म्हणून शाळेत तीन गोष्टी विचाराव्यात: दोन्ही वेळा चाचणी एकच होती का, मूळ गुण वाढले की घटले, आणि त्रुटीची मर्यादा किती. मूळ गुण वाढलेले असतील, तर मुलगा वाचनात पुढे गेला आहे आणि प्रश्न फक्त प्रगतीच्या वेगाचा उरतो. गुण घटले असतील, तर मोठ्याने वाचनाची खुणा केलेली नोंद पाहायला मागावी. तो नेमका कुठे अडतो, हे पातळीच्या अक्षरातून नव्हे, त्या नोंदीतून कळते.