टॅबलेट उघडला की कोणता प्राणी काढावा हेच सुचत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की बडोद्यात राहता, प्राण्यांची डिजिटल चित्रं काढता, हात बरा आहे, पण कोरा कॅनव्हास समोर आला की डोकं रिकामं होतं. आधी 'आज कोणता प्राणी?' हा प्रश्न सोडा. 'वाघ' म्हटलं की शंभरदा पाहिलेला वाघच आठवतो. प्राणी काय करतोय ते पकडा.

मोबाइलमध्ये यादी ठेवा. प्रत्येक ओळीत प्राणी, क्रिया, जागा. 'कुत्रा, अंग झटकतोय, ओल्या ओट्यावर.' 'शेळी, मागच्या पायांवर उभी, बाभळीखाली.' बडोद्याच्या विश्वामित्री नदीतली मगर घ्या. पाण्यात तिच्या नाकपुड्या आणि डोळे साधारण एकाच पातळीत असतात, त्यामुळे वर दोन-तीन उंचवटेच दिसतात. चित्र इथेच तयार आहे: जवळजवळ सगळा कॅनव्हास पाणी. थंडीत ती काठावर ऊन खात, जबडा उघडा ठेवून पडते. मात्र बघायचं ते पुलावरूनच, काठावर उतरू नका.

लगेच काहीतरी हवं असेल तेव्हा डागांपासून सुरुवात करा. मला हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते. 2000 बाय 2000 पिक्सेलचा कॅनव्हास, मधल्या करड्या रंगाची पार्श्वभूमी. लॅसोने (मोकळ्या हाताने आकार आखायचं साधन) फार विचार न करता 8 ते 10 वेडेवाकडे आकार काढून गडद रंगाने भरा, प्रत्येक वेगळ्या लेअरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर. एकेक आकार 90 अंशांत फिरवा, उलटा करा, मग अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून बघा. कुठे वशिंड दिसेल, कुठे सोंड, कुठे टवकारलेले कान. दिसलं की त्या लेअरची अपारदर्शकता 30 टक्क्यांवर आणा आणि वरच्या नव्या लेअरवर तीनच रेषा काढा: पाठीचा कणा, खांदे, कंबर. त्या बसल्या तर पुढे जा, नाहीतर दुसरा डाग. दहातले दोन निघाले तरी भरपूर झाले. इथे हमखास होणारी चूक म्हणजे डागाचा विचित्र कोपरा गुळगुळीत करून टाकणं. कल्पना त्या कोपऱ्यातच असते.

हात आखडला असेल तर कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात सकाळी जा. 30 सेकंदांची 10 रेखाटनं, मग 2 मिनिटांची 3. एकच ब्रश, अन्डू बंद. प्राणी हलला तर रेघ तशीच सोडून शेजारी नवीन सुरू करा. दोन मिनिटांत तो बहुधा पहिल्या पवित्र्यावर परत येतो. डोळ्यापासून सुरुवात करू नका, धड मग डोक्याच्या मापात अडकतं. कुत्र्याच्या मागच्या पायात उलटा गुडघा वाटतो ती खरं तर टाच आहे. गुडघा वर, पोटाजवळ असतो. त्याच बागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे. त्याचा जबडा आणि बरगड्या निरनिराळ्या कोनांतून काढल्या की डागांमध्ये मोठे प्राणी ओळखू यायला लागतात.

संदर्भासाठी फोटो काढताना मोबाइल प्राण्याच्या तोंडाजवळ नेऊ नका, नाक मोठं आणि पाय बारीक येतात. चार पावलं मागे जा आणि 2 पट झूम करा. रंगही फोटोतल्या सावलीतून उचलू नका, तिथे कॅमेरा बहुतेक वेळा नुसता काळपट मळ देतो. उजेडातला रंग उचला आणि सावली मल्टिप्लाय लेअरवर (खालचा रंग गडद करणारा थर) स्वतः घाला.