वाचकांचे प्रश्न : बेदाणा, कांदा आणि परराष्ट्र खातं

प्रश्न (तासगाव, बेदाणा उत्पादक) : अटारीचं नाकं बंद, पाकिस्तानशी व्यापार बंद. मग अफगाणी बेदाणा येतोच कसा? त्यात चिनी माल मिसळतात असंही सौद्यात बोललं जातं. ते ओळखायचं कसं?

उत्तर : अटारी बंद झाली, अफगाणिस्तान नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर 23 एप्रिल 2025 ला नाकं बंद करायचं ठरलं आणि 2 मे रोजी पाकिस्तानी मालाच्या आयातीवर, थेट असो वा वळशाने, पूर्ण बंदी आली. अफगाणी माल या बंदीत नाही. वाटेत अडकलेले काही अफगाणी ट्रक तर त्याच महिन्यात अटारीतूनच आत घेतले गेले. आता तो माल इराणच्या बंदरांतून जहाजाने मुंद्रा किंवा न्हावा शेवाला उतरतो.

खरी मेख जकातीत आहे. इतर देशांच्या बेदाण्यावर मूळ आयात शुल्क 100 टक्के, अफगाणी बेदाण्यावर शून्य. ही सवलत सार्क म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या ‘साफ्टा’ या मुक्त व्यापार करारातली आहे. करार 2006 पासून लागू झाला, अफगाणिस्तान 2007 मध्ये सार्कमध्ये आला. 2011 च्या मालदीव परिषदेत भारताने अल्पविकसित शेजाऱ्यांसाठीची ‘संवेदनशील’ मालाची, म्हणजे सवलत न मिळणाऱ्या मालाची, यादी 480 वरून 25 वर आणली. उरले ते मुख्यतः दारू आणि तंबाखू. बेदाणा मोकळा सुटला. 2014 नंतर सार्कची एकही शिखर परिषद झालेली नाही, पण सवलत चालूच आहे. काबूल पूर्णपणे इस्लामाबादच्या किंवा बीजिंगच्या पदराआड जाऊ नये म्हणून दिल्ली ती काढून घेणार नाही, असं आम्हाला वाटतं. त्याची किंमत तासगावच्या सौद्यात मोजली जाते, हे मात्र दिल्लीत कुणी मोठ्याने बोलत नाही.

शंभर आणि शून्य यांत एवढी दरी असली की चिनी मालाला अफगाणी कागद लावण्याचा मोह होणारच. नियम स्पष्ट आहे : दुसऱ्या देशात नुसती निवड केली, पेटी बदलली, लेबल लावलं म्हणून मालाचा मूळ देश बदलत नाही. सप्टेंबर 2020 पासून लागू असलेल्या ‘कॅरोटार’ या सीमाशुल्क नियमांनुसार फक्त मूळ देशाचा दाखला दाखवून भागत नाही. माल तिथलाच कसा, याची माहिती आयातदाराकडे हवी आणि ती पाच वर्षं जपून ठेवावी लागते. सीमाशुल्क खात्याला संशय आला तर दाखला देणाऱ्या देशाकडे पडताळणी पाठवता येते.

गाडी अडते ती इथेच. पडताळणी करणार कोण? 2021 मध्ये तालिबान आल्यावर आपला काबूलचा दूतावास रिकामा झाला, 2022 मध्ये छोटं तांत्रिक पथक परतलं. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याला पुन्हा दूतावासाचा दर्जा मिळाला, तोही सरकारला औपचारिक मान्यता न देता. अशा नात्यात पत्राला उत्तर वेळेत येईल याची खात्री धरता येत नाही.

तुमच्या हातात काय? आयात मालाच्या पेटीवर मूळ देश, आयातदाराचं नाव-पत्ता आणि अन्नसुरक्षा परवाना क्रमांक लागतो. कोऱ्या पेटीत भरलेला संशयास्पद माल दिसला तर फोटो, लॉट नंबर आणि विक्रीची पावती घेऊन महसूल गुप्तचर संचालनालयाकडे लेखी तक्रार द्या. ‘बाजारात चिनी माल आहे’ एवढ्या मोघम निवेदनावर चौकशी कुठून सुरू करायची, हेच त्यांना कळत नाही.

प्रश्न (लोणंद, कांदा व्यापारी) : बांगलादेशचं गिऱ्हाईक कधी उघडं, कधी बंद. त्यांचं आपल्याशी बिनसलंय म्हणून का?

उत्तर : ऑगस्ट 2024 मध्ये शेख हसीना यांचं पंतप्रधानपद गेल्यावर संबंध ताणले गेले, हे खरं. पण कांद्याचं दुखणं त्याआधीचं आहे आणि सुरुवात आपण केली. सप्टेंबर 2019, सप्टेंबर 2020, डिसेंबर 2023 : तीनदा निर्यात बंद, तीही अचानक. 2019 मध्ये दिल्लीत आलेल्या हसीना जाहीर कार्यक्रमात म्हणाल्या होत्या, आधी कळवलं असतं तर बरं; मी स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. लोक हसले. ढाक्याने मात्र धडा घेतला : स्वतःची लागवड वाढवायची आणि दुसरे पुरवठादारही धरून ठेवायचे.

आपलं 20 टक्के निर्यात शुल्क 1 एप्रिल 2025 ला उठलं. आता चावी त्यांच्या आयात परवान्यात आहे. घरचा कांदा निघाला की ते परवाने आखडते घेतात, बाजार चढला की सोडतात. म्हणून पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोल नाक्याकडे गाडी भरण्याआधी समोरच्याकडून परवान्याची प्रत मागवा. त्यावरचं प्रमाण आणि मुदत दोन्ही वाचा. ‘परवाना येतोय’ या शब्दावर निघालेला कांदा सीमेवरच्या रांगेत मोड फुटून सडतो.

प्रश्न (विटा) : ‘संबंधांचा दर्जा घटवला’ म्हणजे नेमकं काय? पाकिस्तानात आपला राजदूत आहे की नाही?

उत्तर : राष्ट्रकुलातल्या देशांत राजदूताला उच्चायुक्त म्हणतात, पाकिस्तानही राष्ट्रकुलात आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाकिस्तानने भारताच्या उच्चायुक्तांना परत पाठवलं. तेव्हापासून कार्यालय प्रभारी अधिकारी चालवतात. 2025 मध्ये संरक्षण सल्लागार हटवले गेले आणि कर्मचारीसंख्या 55 वरून 30 वर आणायचं ठरलं. माणसं कमी झाली की पहिला फटका व्हिसाला आणि तुरुंगातल्या मच्छीमारांच्या भेटीगाठींना बसतो. तरी दार पूर्ण लागत नाही. दर 1 जानेवारीला दोन्ही देश अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, 1992 पासून न चुकता. संबंध पूर्ण तुटले होते ते 1971 च्या युद्धात. पूर्ववत व्हायला 1976 उजाडलं.

प्रश्न (वाई) : आई-वडिलांना विमानाने काठमांडूला न्यायचं आहे. आधार चालेल का?

उत्तर : नेपाळला व्हिसा लागत नाही, पण 15 ते 65 वयोगटातल्या प्रौढांना आधार चालत नाही, वैध पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात न्या. पासष्टी ओलांडलेल्यांना फोटो आणि वय असलेलं आधार चालतं. आई चौसष्ट वर्षांची असेल तर तिचं मतदार कार्ड आजच शोधून ठेवा.